ग्रीक मंदिरांची कौले : भट्टीची साक्ष
इ. स. पूर्व 7 व्या शतकात ग्रीसमधील कोरिंथ येथे मंदिरावर भाजलेल्या मातीची कौले चढली. त्या भट्टीची उष्णता आज कशी कळावी? उत्तर मातीतच आहे. कोरिंथची माती चुनखडीयुक्त आहे. सुमारे 800 अंश सेल्सिअसला तिच्यातील कॅल्साइटचे विघटन होते. उष्णता आणखी वाढली की गेहलेनाइट, डायोप्साइड ही नवी खनिजे तयार होतात. क्ष-किरण विवर्तनाने ती ओळखता येतात. परंतु जमिनीत पुरलेल्या कौलात कॅल्साइट पुन्हा निर्माण होऊ शकते; म्हणून इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली मातीचे काचीभवनही तपासावे लागते. जाड कौल तडकू नये यासाठी मातीत खडकाचा भरड चुरा मिसळलेला आढळतो. बहुतेक कारागिरांची नावे लोपली. त्यांचे ज्ञान मात्र कौलांत टिकून आहे.