'डी'चा पत्ता हरवला

मुलीच्या लग्नाची डीव्हीडी बघायची म्हणून एका वाचक काकूंनी जुना कॉम्प्युटर सुरू केला. ट्रे बाहेर येतो, दिवा लुकलुकतो, पण 'धिस पीसी'मध्ये 'सी' आहे आणि 'डी'चा पत्ताच नाही. दुकानदार नवा ड्राइव्ह घ्या म्हणतो. घ्यावा का, असं त्यांनी पत्रात विचारलंय.

काकू, जरा थांबा. ट्रे हलतो म्हणजे ड्राइव्हला वीज मिळते, एवढंच कळलं. आता डिव्हाइस मॅनेजर उघडा. ड्राइव्हच्या नावाशी पिवळा त्रिकोण असेल आणि प्रॉपर्टीजमध्ये १९ किंवा ३९ हा कोड दिसला, तर ड्राइव्ह बहुधा ठणठणीत आहे.

सोसायटीत नियम असतो, येणाऱ्या प्रत्येकाला आधी वॉचमनकडे पाठवायचं. वॉचमन नोकरी सोडून गेला, पण वहीतला नियम कुणी खोडला नाही. मग पाहुणा फाटकातच ताटकळतो. सीडी 'बर्न' करणारी सॉफ्टवेअर्स विंडोज आणि ड्राइव्ह यांच्यामध्ये असेच आपापले वॉचमन नेमत. सॉफ्टवेअर काढून टाकलं, तरी रजिस्ट्रीत 'अपरफिल्टर्स' आणि 'लोअरफिल्टर्स' या दोन नोंदी मागे राहून जातात. विंडोज त्या वॉचमनला हाका मारतं, तो सापडत नाही, म्हणून ड्राइव्ह सुरूच करत नाही. रजिस्ट्रीची प्रत काढून ठेवून, सीडी-डीव्हीडीच्या कप्प्यातल्या फक्त या दोन नोंदी पुसायच्या आणि कॉम्प्युटर पुन्हा सुरू करायचा. बर्निंगचं एखादं सॉफ्टवेअर अजून वापरात असेल तर ते पुन्हा टाकावं लागेल, इतकंच. कप्पा चुकला तर मात्र भलतंच बंद पडेल, तेव्हा हे काम घरातल्या जाणत्या भाच्याकडे द्या. 'एका क्लिकमध्ये सगळे ड्रायव्हर अपडेट' म्हणणाऱ्या जाहिरातींच्या नादी लागू नका. दुखणं जुन्या नोंदीचं असताना नवा ड्रायव्हर काय करणार?

त्रिकोण नसेल तर डिस्क मॅनेजमेंट बघा. ड्राइव्ह तिथे असतो, पण कधी त्याला अक्षरच मिळालेलं नसतं, ते हाताने द्यावं लागतं. म्हणजे यंत्र घरात आहे, फक्त दारावर पाटी नाही.

आणि ही पाटी मुळात आली कुठून? यंत्राला एकही फ्लॉपी नसताना डिस्क 'सी'पासून का सुरू होते? कारण 'ए' आणि 'बी' फ्लॉप्यांसाठी राखून ठेवलेले, आणि ती जागा अजून कुणी सोडलेली नाही! डिस्कला अक्षराने हाक मारायची रीत आयबीएमच्या मोठ्या यंत्रांवर आधीपासून होती. छोट्या कॉम्प्युटरवर ती रुजवली गॅरी किल्डॉल यांनी, १९७४ साली लिहिलेल्या सीपी/एम या प्रणालीतून. 'बायोस' हा शब्दही त्यांचाच.

किल्डॉल विमान उडवत बसले म्हणून आयबीएमच्या पीसीसाठी प्रणाली पुरवायचं काम त्यांच्या हातून गेलं, ही दंतकथा मला कधीच पटली नाही. आयबीएमची माणसं आली त्या दिवशी ते विमानाने गेले होते, पण कामासाठी. इकडे पत्नी डोरोथी त्या माणसांशी बोलत होत्या, आणि गाडं गोपनीयतेच्या करारावर अडलं. पुढे टिम पॅटरसन यांनी सीपी/एमच्या धर्तीवर लिहिलेली प्रणाली मायक्रोसॉफ्टने विकत घेतली आणि ती १९८१च्या पीसीवर डॉस म्हणून आली. नंतर आयबीएमने सीपी/एमही विकायला ठेवलं. डॉस ४० डॉलरला, सीपी/एम २४० डॉलरला. गिऱ्हाईक काय उचलणार, हे सांगायला अर्थशास्त्रज्ञ नको.

गंमत पुढेच आहे. हेच किल्डॉल १९८५मध्ये चकतीकडे वळले होते. ग्रोलियरचा २१ खंडांचा ज्ञानकोश त्यांच्या कंपनीने सीडी-रॉमवर आणला. चित्रं नाहीत, नुसता मजकूर. तरी चकतीचा बराचसा भाग मोकळाच राहिला. तेव्हाच्या डॉसला एका अक्षराखाली ३२ मेगाबाइटपेक्षा जास्त पेलत नसे. सहाशे मेगाबाइटची चकती त्याला दाखवायची कशी? मायक्रोसॉफ्टने एमएससीडेक्स नावाची छानशी लबाडी केली. चकती आपल्या यंत्रात नाहीच, नेटवर्कवर कुठेतरी दूर आहे, असं डॉसला भासवलं. डॉसने विश्वास ठेवला! म्हणजे 'डी' दिसण्याचा खटाटोप काकूंच्या तक्रारीपेक्षा बराच जुना आहे.

हे सगळं करून 'डी' आला, गाण्यांची सीडी वाजली, पण लग्नाची डीव्हीडी नाही, असं झालं तर दोष लेझरचा असू शकतो. सीडीला ७८० नॅनोमीटरचा अवरक्त किरण लागतो, डीव्हीडीला ६५०चा लाल. दोन्हींचे डायोड वेगळे, त्यामुळे एक मेला तरी दुसरा चालतो. आणि बायोसलाही ड्राइव्ह दिसत नसेल, तर वीज बंद करून, कॅबिनेट उघडून दोन्ही केबल काढून पुन्हा घट्ट बसवा. तरीही काही नाही झालं, तर काकू, दुकानदाराचं ऐका. फक्त जुना ड्राइव्ह फेकण्याआधी ट्रे उघडून बघा, डीव्हीडी आतच राहिली असेल.