पाच मिनिटं आधी वाजणारं घड्याळ

1981 सालच्या आयबीएम पीसीला किती वाजले हे ठाऊक नसे. यंत्र बंद केलं की त्याचं काळाचं भान संपलं. पुन्हा सुरू केलं की डॉस 1 जानेवारी 1980 धरून चालायचं आणि आजची तारीख काय, वेळ काय, असं विचारायचं. घाईतला माणूस नुसतं एंटर दाबून पुढे सरकायचा, आणि मग त्या दिवशी केलेली प्रत्येक फाइल 1980 सालची! असलं यंत्र ‘साडेतीनला बँकेत जायचंय’ याची आठवण काय करणार?

1984 मध्ये पीसी-एटी आला आणि त्याच्या बोर्डावर सेलवर चालणारं घड्याळ बसलं. वीज गेली तरी ते चालूच. त्याच्या पोटात सेकंदाला 32,768 वेळा कंप पावणारा क्वार्ट्झचा स्फटिक असतो. आकडा विचित्र वाटतो, पण तो पंधरा वेळा निम्मा करत गेलं की नेमका एक उरतो, म्हणजे सेकंदाचा एक ठोका. मनगटावरच्या साध्या क्वार्ट्झ घड्याळातही हेच गणित. हा सेल संपला की आजही संगणक जुनी तारीख दाखवू लागतो, ब्राउझर सुरक्षित संकेतस्थळंही उघडायला नकार देतो आणि दुरुस्तीवाला पेटी न उघडताच सांगतो, ‘सेल गेलाय.’

वेळ कळू लागली, आता हटकणारा हवा होता. त्याच 1984 मध्ये ॲपलच्या पहिल्या मॅकिंटॉशमध्ये अलार्म क्लॉक नावाची एक चिमुकली पट्टी होती. ठरलेली वेळ झाली की यंत्र एकदा वाजायचं आणि पडद्याच्या वरच्या कोपऱ्यातलं सफरचंद लुकलुकायला लागायचं. दिसायला गोड; पण गजर एकच, आणि तो कशासाठी लावला होता हे लिहायला जागाच नाही. वाजल्यावर डोकं खाजवायचं काम मालकाचं.

माझ्या मते या जातीतला पहिला खरा कामाचा गडी म्हणजे विंडोजमधलं कॅलेंडर. 1985 च्या पहिल्या विंडोजपासून ते होतं आणि भारतातल्या कचेऱ्यांत संगणक शिरले त्या काळच्या विंडोज 3.1 मध्येही होतं. शेजारी क्लॉक नावाचा वेगळा प्रोग्राम होता, काट्यांचा किंवा आकड्यांचा, हवा तर सगळ्या खिडक्यांच्या वर तरंगणारा. पण तो फक्त चेहरा. आठवणीचं काम कॅलेंडरकडे.

कॅलेंडर उघडलं की दिवसाचं पान समोर यायचं. डावीकडे तासांची ओळ, उजवीकडे लिहायला जागा, तळाशी किरकोळ टिपणांसाठी तीन ओळी. ओळी तासाऐवजी अर्ध्या किंवा पाव तासाच्याही करता येत, आणि चार वाजून वीस मिनिटांसारखी आडनिडी वेळ मध्येच घुसवता येई. त्या ओळीवर जाऊन एफ-5 दाबलं की वेळेच्या डाव्या बाजूला बारीकशी घंटा उमटायची. वेळ झाल्यावर कॅलेंडर समोर असेल तर नोंद दाखवणारी चौकट उघडे. मागे दडलेलं असेल तर त्याच्या खिडकीची पट्टी लुकलुके. मिटून ठेवलेलं असेल तर त्याचं चित्र. काम अर्धवट असताना अंगावर येऊन पडायचं नाही, ही रीत त्याला होती. आजच्या प्रोग्रामांनी ती सोडली.

पण त्यातली सगळ्यात शहाणी गोष्ट एका लहानशा चौकटीत होती. घंटा किती मिनिटं आधी वाजवायची, हे शून्यापासून दहापर्यंत सांगता यायचं. सव्वातीनला डॉक्टरांची वेळ असेल तर सव्वातीनला वाजून उपयोग काय? आठवण देणाऱ्या घड्याळाची सगळी किंमत त्या आधीच्या मिनिटांत आहे.

त्याच्यात खोट होती, आणि मोठी होती. कॅलेंडर चालू नसेल तर घंटाही नाही. नुसतं चालू असूनही भागत नसे. आपली नोंदींची फाइल त्यात उघडलेली हवी, नाही तर समोर कोरं पान. जाणते लोक ती फाइलच स्टार्टअपच्या गटात टाकून ठेवत, म्हणजे विंडोजबरोबर तीही उघडे.

युनिक्सवाल्यांकडे लीव्ह नावाची आज्ञा होती, ती आठवली की हसू येतं. निघायची वेळ सांगून ठेवा. पाच मिनिटं आधी हटकते, एक मिनिट आधी हटकते, वेळेवर हटकते, मग दर मिनिटाला. तरीही उठला नाहीत तर ‘हे शेवटचं सांगतेय’ म्हणून स्वतःच निघून जाते. घरोघरच्या आईचा स्वभाव कुणीतरी आज्ञेत उतरवलेला.

विंडोज 95 ने घड्याळ पडद्याच्या कोपऱ्यात कायमचं बसवलं आणि कॅलेंडरला घरी पाठवलं. त्या कोपऱ्यातल्या घड्याळात सेकंद नव्हते, त्याचंही कारण आहे. मायक्रोसॉफ्टचे जुने अभियंते रेमंड चेन यांनी ते लिहून ठेवलंय: सुरुवातीच्या चाचणी आवृत्तीत तास-मिनिटांमधली टिंबं लुकलुकत असत, पण तेवढ्यासाठी अडकून पडणारी स्मृती 4 मेगाबाइटच्या यंत्राला जड जाई. म्हणून टिंबं गेली, सेकंदही गेले. भेटीगाठींची आठवण मग आउटलुकसारख्या ऑफिसच्या अवजड प्रोग्रामांत जाऊन बसली, बैठकीच्या पंधरा मिनिटं आधी आपणहून चौकट उघडू लागली, आणि ‘पुन्हा आठवण करा’ हे बटण दाबणं हा नोकरीचा भाग झाला.

आपल्याकडची अडचण आणखी वेगळी. महिन्याचा तिसरा गुरुवार या प्रोग्रामांना अचूक कळतो. संकष्टी कळत नाही. कृष्ण चतुर्थी इंग्रजी तारखांच्या कुठल्याच ठरलेल्या अंतरात बसत नाही, चंद्रोदय गावागणिक बदलतो आणि अधूनमधून अधिक महिना येतो. तिथीने वाढदिवस करणाऱ्या आजीसाठी दरवर्षी तारीख शोधून हातानेच टाकावी लागते. म्हणून 1973 पासून भिंतीवर असलेल्या कालनिर्णयची जागा संगणकाने घेतली नाही. दुधाचे खाडे आणि सिलिंडरची तारीख त्याच्याच चौकटीत लिहिली जाते. मात्र कालनिर्णय वाजत नाही.

फोन खिशात असताना संगणकावर आठवण कशाला, असं कुणी म्हणेल. दिवसभर पडद्यासमोर बसणाऱ्याला ती हवी, कारण फोन हातात घेतला की आठवणीसोबत इतर दहा गोष्टीही पाहिल्या जातात. तेव्हा साधं, एका कामाचं घड्याळ निवडा. यंत्र झोपलेलं असताना ते वाजणार नाही, हे लक्षात ठेवा. नोंदीत ‘मीटिंग’ एवढंच लिहू नका. कुठे, कुणाला भेटायचं आणि सोबत काय न्यायचं तेही लिहा. आणि बैठकीची वेळ टाकण्याऐवजी खुर्चीवरून उठायची वेळ टाका.