मजकूर नको, मूल्य द्या

ओळ कुठे तोडावी आणि पान कसे बसवावे हे डोनाल्ड कनूथ यांची टेक ही अक्षरजुळणीची प्रणाली उत्तम जाणते. पण यादी क्रमाने लावणे किंवा फाईलमधले आकडे निवडून काढणे तिच्या मॅक्रोंमधून करायचे म्हणजे जीव मेटाकुटीला येतो. म्हणून लुआटेकमध्ये तिच्या जोडीला लुआ आली. रिओ दि जानेरोच्या कॅथलिक विद्यापीठात १९९३ साली जन्मलेली ही छोटी भाषा दुसऱ्या प्रोग्रामच्या आत नांदण्यासाठीच घडवलेली आहे. हान्स हागेन, टाको हूकवॉटर आणि सहकाऱ्यांच्या या लुआटेकची १.० आवृत्ती २०१६ साली निघाली. दोघींमध्ये माहितीची ने-आण मात्र जपून करावी लागते, आणि शक्य तिथे मजकूर न पाठवता मूल्यच पाठवावे, असे माझे ठाम मत आहे.

टेक वाचतानाच प्रत्येक अक्षराचा वर्ग ठरवते: हे छापायचे, इथून आज्ञा सुरू, इथून पुढची ओळ कॉमेंट. डायरेक्टलुआ ही आज्ञा आधी मजकुरातले मॅक्रो उलगडते आणि मग त्याची साधी स्ट्रिंग करून लुआला देते. त्यात हे वर्ग पुसले जातात. परत आलेली स्ट्रिंग टेक नव्याने वाचते. लुआने ‘१२% व्याज’ पाठवले तर % पासून पुढचे सारे कॉमेंट ठरून गळते आणि कोष्टकात नुसते १२ उरतात. चूक दाखवणारा संदेशही येत नाही. वेळेचा घोळ तर याहून वाईट. लुआने टेकसाठी लिहिलेला मजकूर लुआचा तो तुकडा संपेपर्यंत थांबून राहतो. टेकच्या एखाद्या रजिस्टरमध्ये, म्हणजे आकडा साठवण्याच्या कप्प्यात, ५ भरण्याची आज्ञा अशी पाठवून पुढच्याच ओळीत ते रजिस्टर वाचले, तर जुना आकडा मिळतो. तेच रजिस्टर लुआतून थेट भरले की ५ तत्क्षणी दोघींना दिसतात.

मापे मजकुरातूनही बिनचूक जातात, असा आक्षेप घेता येईल, आणि तो रास्त आहे. टेक माप पॉइंटच्या ६५,५३६व्या भागात पूर्णांकाने मोजते, आणि ते दशांशात छापून परत वाचले तरी तेच माप मिळते. पण लुआला आकड्यामागचे एकक कापून गणित करावे लागते, पुन्हा जोडावे लागते. त्यात फार लहान आकडा तिने घातांकाच्या रूपात लिहिला की टेक अडखळते. रजिस्टरमधून १० पॉइंट थेट ६,५५,३६० म्हणून मिळतात, काही कापावे लागत नाही.

छापायचा मजकूर मात्र मजकूर म्हणूनच पाठवावा लागतो. तेव्हा लुआतल्या प्रिंट आज्ञेला आधी -२ द्यावे. मग रिकामी जागा सोडून प्रत्येक चिन्ह केवळ छापण्याचे ठरते, % सुद्धा. मजकुरात आज्ञा असतील तर त्याही तशाच छापल्या जातील, म्हणून तिथे वर्गांचे वेगळे कोष्टक बांधून त्याचा क्रमांक द्यावा.