खरखरणारी गिटार घ्यावी

जुन्या इलेक्ट्रिक गिटारच्या ऑनलाइन जाहिरातीत ‘आवाजात थोडी खरखर आहे’ किंवा ‘एक पिकअप बंद आहे’ असं लिहिलं की गिऱ्हाईक पुढे सरकतं. ‘एकही ओरखडा नाही’ असं वाचलं की तेच गिऱ्हाईक हजार-दोन हजार जास्त मोजायला तयार होतं. माझ्या मते हा हिशेब उलटा आहे. खरखर हे या वाद्याचं सगळ्यात स्वस्त दुखणं. व्हॉल्यूम-टोनच्या बटणांखालच्या पॉटमधल्या (पोटेन्शिओमीटरमधल्या) कार्बनच्या पट्टीवर धूळ बसली किंवा ती झिजली की खरखर येते. कॉन्टॅक्ट क्लीनरच्या फवाऱ्यावर नाहीतर नव्या पॉटवर काम भागतं. महागडं दुखणं असतं नेकमध्ये, आणि जाहिरातीतल्या समोरून काढलेल्या फोटोत ते दिसत नाही. नाशिकचा कोरडा उन्हाळा आणि मागोमाग येणारी पावसाळी ओल यांत लाकूड आकसतं, फुगतं. साधा बाक आला तर नेकच्या आतला ट्रस रॉड फिरवून काढता येतो. पण नेकला पीळ बसला असेल किंवा रॉडच अडकला असेल, तर दुरुस्ती गिटारच्या किमतीवर जाऊ शकते. तेव्हा लाकूड धड आणि वायरिंग बिघडलेली, अशी गिटार शोधावी.

ही पारख दुरूनही बरीचशी करता येते. पुण्या-मुंबईहून कुरिअरने यायची गिटार असली तरी विकणाऱ्याकडून तीन गोष्टी मागाव्यात: हेडस्टॉककडून ब्रिजच्या दिशेने, नेकच्या कडेला कॅमेरा लावून काढलेला फोटो, झाकण उघडून आतल्या वायरिंगचा फोटो, आणि मल्टिमीटरचं रीडिंग. केबल जॅकमध्ये घालायची, व्हॉल्यूम आणि टोन पूर्ण उघडायचे, केबलच्या मोकळ्या टोकाला मीटर लावायचा आणि स्विच फिरवत एकेक पिकअप मोजायचा. सिंगल कॉइल साधारण साडेपाच ते सात किलोओहम दाखवतो, दोन कॉइलचा हमबकर सात ते नऊ. पॉट समांतर जोडलेला असल्याने आकडा किंचित कमी येतो. साडेसहाचा पिकअप अडीचशे किलोओहमच्या पॉटसोबत ६.३ दाखवेल. आणि मीटरने थेट अडीचशेच्या आसपास आकडा दाखवला तर तो एकट्या पॉटचा समजावा: कॉइल तरी तुटली आहे, नाहीतर कुठला तरी डाख सुटला आहे. यातलं काहीच न देता आगाऊ रकमेचा आग्रह धरणाऱ्याकडे गिटार बहुधा नसतेच.

यावर जाणकारांचा पहिला आक्षेप ठरलेला असतो: आवाज लाकडात असतो, वायरिंग बदलून काय साधणार? मिरजेच्या तानपुऱ्याबद्दल हे म्हणणं रास्त आहे. तिथे भोपळा आणि तबली हवा हलवतात, जवारी घासली की स्वर खुलतो. इलेक्ट्रिक गिटारचा पिकअप मात्र हवा ऐकतच नाही. चुंबकाभोवती बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. वर पोलादी तार थरथरली की चुंबकीय क्षेत्र हलतं आणि वेढ्यांत सूक्ष्म वीज उठते. फॅरेडेने १८३१ साली दाखवलेलं तत्त्वच हे. तार किती वेळ आणि कशी थरथरेल यात लाकडाचा वाटा आहे, मी तो नाकारत नाही. पण तिथून पुढचा स्वभाव सर्किट ठरवतं. सिंगल कॉइलचं इंडक्टन्स अडीच हेन्री आणि केबलसकट एकूण कॅपॅसिटन्स ४५० पिकोफॅरड धरला, तर अनुनादाचं शिखर सुमारे ४७०० हर्ट्झवर येतं. पाचशे किलोओहमचा पॉट ते शिखर टोकदार ठेवतो, अडीचशेचा दाबतो. म्हणजे एक पॉट बदलला किंवा केबल लांब घेतली, तरी गिटार उजळ किंवा बोथट होते. मग आठ-दहा हजारांचे पिकअप आधी का घ्यावेत?

सातपूर-अंबडच्या कारखान्यांत स्विचगिअर आणि कॅपॅसिटर बनतात, त्यामुळे डाख देणारे हात या शहरात शोधावे लागत नाहीत. सुटे भागही एम. जी. रोडच्या बाजूला इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत मिळतात. पाचशेचा पॉट नसेल तर ४७० चा चालतो, फक्त व्हॉल्यूमसाठी ‘ए’ छापाचा, म्हणजे लॉग, मागावा. टोनच्या कॅपॅसिटरवर २२३ लिहिलं असेल तर तो ०.०२२ मायक्रोफॅरडचा, ४७३ असेल तर ०.०४७ चा. काही रुपयांचा पॉलिएस्टर इथे पुरतो. तेलात बुडवलेल्या कागदाचे ‘व्हिंटेज’ कॅपॅसिटर त्याच्या शेकडो पट किमतीला विकले जातात. मला ती नुसती हौस वाटते. एवढ्या क्षीण सिग्नलला मूल्य कळतं, मसाला नाही. मूळ भाग बदलले की किंमत पडते, हा आक्षेप पन्नाशीतल्या फेंडरला लागू आहे. पंधरा हजारांच्या गिटारला नाही, आणि तिथेही काढलेले भाग पुडीत बांधून पुढच्या गिऱ्हाइकाला देता येतात.

घूं असा जो आवाज येतो त्याची कथा वेगळी. आपली वीज ५० हर्ट्झची, आणि सिंगल कॉइल तिचं चुंबकीय क्षेत्र पकडतो. पोकळीत तांब्याची पट्टी चिकटवल्याने झणझण कमी होते, पण हा मूळ घूंकार तसाच राहतो. त्याला औषध म्हणजे उलट जोडलेल्या दोन कॉइल. गिब्सनच्या सेथ लव्हरने १९५५ मध्ये पेटंट मागितलं ते याच हमबकरसाठी. तारांना हात लावल्यावर आवाज घटला तर ब्रिजची ग्राउंड वायर शाबूत आहे; वाढला तर आधी तिथे बघावं. ही वायर तारांना केबलच्या जाळीतून थेट अँपच्या पत्र्याशी जोडते, म्हणून घूंकार घालवण्यासाठी प्लगचा अर्थिंगचा पिन काढणं जिवावर बेतू शकतं: आत फेज पत्र्याला टेकला तर तो बोटांपर्यंत येतो. पंचवटीतल्या जुन्या वाड्यांत सॉकेटला तीन भोकं असली तरी तिसऱ्यामागे तार असेलच असं नाही. इलेक्ट्रिशियनकडून ते तपासून घ्यायचा खर्च गिटारच्याच हिशेबात धरावा, आणि पिकअपचा विचार त्यानंतर करावा.