समुद्री प्राण्यांपासून औषधी संयुगे : संशोधन आणि पुरवठ्याचा प्रश्न

प्रस्तावना

औषधांसाठी मानवाने सहस्रावधी वर्षे प्रामुख्याने वनस्पतींचा आधार घेतला. आधुनिक औषधशास्त्राचे लक्ष समुद्राकडे वळले ते विसाव्या शतकाच्या मध्यास. प्रस्तुत लेखात समुद्री प्राण्यांपासून मिळालेल्या काही औषधांचा आढावा घेऊन, प्राण्यात आढळलेले संयुग रुग्णापर्यंत कसे पोहोचते याचे विवेचन केले आहे. हा विषय किनाऱ्यावरील संस्थांचा आहे, छत्रपती संभाजीनगरसारख्या समुद्रापासून दूरच्या शहरातील महाविद्यालयांचा नाही, हा समज कितपत योग्य आहे, याचाही येथे विचार केला आहे.

संयुगांचे मूळ

स्पंज, मृदू प्रवाळ आणि समुद्रपिचकारी हे प्राणी प्रौढावस्थेत एका जागी चिकटून राहतात. त्यांना पळता येत नाही आणि संरक्षणासाठी कठीण कवचही नसते. शत्रूला दूर ठेवण्यासाठी व जागेच्या स्पर्धेत टिकण्यासाठी ते रसायनांचा उपयोग करतात. ही रसायने पाण्यात क्षणार्धात विरळ होत असल्याने अत्यल्प प्रमाणातही प्रभावी असावी लागतात. हाच गुण औषधशास्त्रास उपयुक्त ठरतो.

काही प्रमुख औषधे

१९५० च्या दशकाच्या आरंभी वेर्नर बर्गमन यांनी कॅरिबियन समुद्रातील एका स्पंजातून असाधारण न्यूक्लिओसाइडे वेगळी केली. त्यांत नेहमीच्या रायबोज वा डिऑक्सिरायबोजऐवजी अरॅबिनोज ही शर्करा होती. या रचनेच्या प्रेरणेने तयार झालेले सायटॅराबिन पेशीतील डीएनएची निर्मिती रोखते. अमेरिकेत त्यास १९६९ मध्ये मान्यता मिळाली असून रक्ताच्या कर्करोगावर ते आजही वापरले जाते.

शंकू गोगलगाय विषारी दंशाने माशाला निश्चेष्ट करते. या विषातील २५ अमिनो आम्लांच्या एका पेप्टाइडवरून झिकोनोटाइड हे वेदनाशामक सिद्ध झाले. ते मज्जातंतूंतील विशिष्ट कॅल्शियममार्ग बंद करते. २००४ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेले हे औषध थेट मेरुद्रवात द्यावे लागते.

पुरवठ्याचा प्रश्न

संयुग सापडले म्हणजे औषध मिळाले असे होत नाही. समुद्रपिचकारीपासून मिळणाऱ्या ट्रॅबेक्टेडिन या कर्करोगविरोधी संयुगाचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. त्याच्या सुमारे एक ग्रॅमसाठी जवळपास एक टन प्राणी लागत. या मार्गाने रुग्णांची गरज भागविणे म्हणजे ती प्रजाती संपविणे होय. अखेर एका जीवाणूच्या किण्वनातून मिळालेल्या संयुगापासून अर्धसंश्लेषणाने ते तयार करण्यात आले आणि २००७ मध्ये युरोपात त्यास मान्यता मिळाली.

पुढील अभ्यासातून असेही दिसून आले की अशी अनेक संयुगे प्रत्यक्षात प्राण्याच्या शरीरातील सहजीवी जीवाणू तयार करतात. डोलास्टॅटिन हे समुद्रशशकात सापडलेले संयुग त्याच्या आहारातील नीलहरित जीवाणूंचे असल्याचे आढळले. त्यामुळे संशोधनाचा भर प्राणी गोळा करण्याकडून जीवाणूसंवर्धन, जनुकविश्लेषण आणि संश्लेषण यांकडे सरकला आहे.

भारतीय संदर्भ

१९६६ मध्ये स्थापन झालेल्या, गोव्यात दोना पावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत भारतीय किनाऱ्यावरील जीवांतील रसायनांचा अभ्यास झाला आहे. लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेनेही या कार्यात महत्त्वाचा वाटा उचलला. कोचीच्या केंद्रीय सागरी मत्स्यसंशोधन संस्थेने हिरव्या शिंपल्यापासून सांधेदुखीसाठी अर्क विकसित केला. मात्र तो पोषक पूरक या वर्गात मोडतो. पूरक आणि चिकित्सालयीन चाचण्यांतून मान्यता मिळालेले औषध यांतील भेद विद्यार्थ्यांच्या मनावर ठसविणे आवश्यक आहे.

नमुने गोळा करण्यावर कायद्याची बंधने आहेत. प्रवाळ आणि समुद्रकाकडी यांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली संरक्षण आहे. जैविक संसाधनांवरील संशोधनाचे पेटंट घेताना २००२ चा जैवविविधता कायदा आणि त्यातील २०२३ ची सुधारणा विचारात घ्यावी लागते.

मराठवाड्यासाठी बोध

इन्सुलिन एकेकाळी गायी व डुकरांच्या स्वादुपिंडातून काढले जाई. पुढे ते सूक्ष्मजीवांकडून तयार करून घेतले जाऊ लागले. वोक्हार्ट कंपनीने असे पुनर्संयोजित इन्सुलिन २००३ मध्ये बाजारात आणले, आणि तिचे जैवतंत्रज्ञान संकुल याच शहरात उभे राहिले. प्राण्यापासून सूक्ष्मजीवाकडे जाण्याचा हा मार्ग येथील उद्योगाला अपरिचित नाही.

येथील रसायनशास्त्र विभागांना ज्ञात सागरी संयुगांच्या सोप्या प्रतिरूपांचे संश्लेषण करता येईल. सूक्ष्मजीवशास्त्र विभाग किनाऱ्यावरील संस्थांच्या सहकार्याने जीवाणूंचे संवर्ध मिळवून त्यांचा अभ्यास करू शकतील. प्राणिशास्त्राच्या विद्यार्थ्यांना सार्वजनिक जनुकसंचांचे विश्लेषण संगणकावर शक्य आहे. यांपैकी कोणत्याही कामासाठी समुद्रातून एकही प्राणी उचलावा लागत नाही.

समारोप

समुद्री प्राणी औषधाचा आराखडा देतो. औषधाचा पुरवठा मात्र प्रयोगशाळेतूनच होऊ शकतो. ज्या प्रजातीची अद्याप रासायनिक ओळखही झालेली नाही ती नष्ट झाल्यास तो आराखडाही तिच्याबरोबर जातो. म्हणून सागरी जीवांचे संरक्षण ही औषधसंशोधनाची पहिली अट ठरते. त्यापुढील कामात किनाऱ्यापासून दूर असलेल्या महाविद्यालयांनाही निश्चित स्थान आहे.