रुपयाचा मुस्तफा

कॅपकॉम या जपानी कंपनीने 1993 साली काढलेल्या त्या गेमचं खरं नाव ‘कॅडिलॅक्स अँड डायनासॉर्स’. मार्क शुल्ट्झ या अमेरिकी चित्रकाराच्या ‘झेनोझोइक टेल्स’ या कॉमिक्सवरून तो बेतलेला. हे मला कळलं चाळिशी गाठल्यावर. कांदिवलीत त्याचं नाव एकच, ‘मुस्तफा’. खेळाडू म्हणून निवडायला चौघं होते, पण जॅक, हॅना आणि मेस ही नावं कुणाच्या जिभेवर बसली नाहीत. मुस्तफा कैरो तेवढा ओळखीचा वाटला. धावत येऊन हवेत लाथ घालायचा, आणि त्या नावाचा एक तरी मुलगा प्रत्येकाच्या वर्गात असायचा. पुढे कळलं की पुण्यात, नागपुरात, पार कोलकात्यातही पोरांनी या गेमचं हेच बारसं केलं होतं, एकमेकांना न विचारता.

आमचं गेम पार्लर कांदिवलीच्या चारकोपला होतं. जागतिक बँकेच्या मदतीने 1985 पासून जो मुंबई नागरी विकास प्रकल्प राबवला गेला, त्यात म्हाडाने चारकोप आणि गोराईला छोटे छोटे भूखंड पाडून दिले. घर ज्याने त्याने आपल्या ऐपतीप्रमाणे बांधायचं. मग कुणी वर माळा चढवला, कुणी पुढच्या खोलीला शटर लावलं. त्या शटरमागे किराणा, शिंपी, पिठाची गिरणी, एसटीडी बूथ आणि एखादं गेम पार्लर. दहा बाय बाराची खोली, दाराला मळकट पडदा, आत चार-पाच मशीन आणि एक पंखा. पंखा मालकाच्या दिशेने.

मशीन म्हणजे तरी काय? सुताराने ठोकलेलं प्लायवूडचं खोकं, त्यात रंगीत टीव्हीची ट्यूब, एक पॉवर सप्लाय, दांडी, बटणं आणि खरा जीव असलेला बोर्ड. जपानी मशीनवाल्यांच्या संघटनेने 1985 च्या सुमारास बोर्डाच्या जोडणीचं एकच मानक ठरवून टाकलं होतं, म्हणून खोकं तेच ठेवून आतला बोर्ड तेवढा बदलता यायचा. त्यामुळे हा धंदा गल्लीत परवडला. शनिवारी ‘स्ट्रीट फायटर’ असलेल्या खोक्यातून सोमवारी ‘पनिशर’ निघायचा आणि बाजूचं चित्र मात्र तिसऱ्याच गेमचं असायचं.

रुपया गल्ल्यावर द्यायचा, टोकन घ्यायचं. त्याला टोकन कुणी म्हणत नसे; ‘एक कॉइन दे’. दह्याला पाठवलेल्या पैशातून कॉइन सुटायचा, बसऐवजी चालत आलं की दोन सुटायचे. नवखा माणूस एका कॉइनमध्ये तीन मिनिटांत गारद. पण ज्याला दुसऱ्या स्टेजचा कसाई मारता यायचा, तिसऱ्या स्टेजला गाडी चालवताना लाइफ राखता यायचं आणि दोन बटणं एकदम दाबून गिरकी मारली की आपलंही रक्त जातं हे ठाऊक असायचं, तो त्याच रुपयात अर्धा-पाऊण तास काढायचा. हातातली कला थेट वेळेत मोजली जायची. अशा पोरावर आम्ही जीव टाकायचो आणि मालक दात ओठ खायचा. बोर्डाचं सेटिंग मालकाच्या हातात असे. ते बदललं की गेम सोपा किंवा अवघड होई. परीक्षा संपून सुट्टी लागली की आमच्याकडचा मुस्तफा एकाएकी हळवा होऊन दोन फटक्यांत मरायला लागायचा. त्यामागे मालकाचं बोट होतं, हे कळायला आम्हाला दोन उन्हाळे लागले.

आणि मागे उभे राहणारे. त्यांच्याशिवाय पार्लर म्हणजे नुसती खोली. खिशात दमडी नसली तरी आत यायला बंदी नव्हती. खेळणाऱ्याच्या खांद्यावरून बघायचं, ‘डावीकडे मटण आहे, उचल’ म्हणून ओरडायचं, चुकला की कपाळावर हात मारायचा. ‘किंग ऑफ फायटर्स 97’ आला तेव्हा तर कुस्तीचा फडच झाला. हरणाऱ्याने उठायचं, जिंकणाऱ्याने त्याच कॉइनवर उभं राहायचं, पुढच्याने आपला कॉइन टाकून आव्हान द्यायचं. कॉलेजातला मुलगा, कुरिअरवाला आणि सातवीतला मी, एका दांडीशेजारी उभे. मी फक्त मागे उभा राहून त्यातल्या इओरी या पात्राच्या चाली शिकलो. स्वतः खेळलो त्याहून बघितलं कितीतरी जास्त.

पार्लरची अब्रू मात्र बेताचीच. काही ठिकाणी पाटी व्हिडिओ गेमची आणि आत पत्त्यांची, आकड्यांची जुगारी मशीन असत, हे खरंच होतं. पोलिसांच्या धाडी त्यावरच पडत. कर्नाटक आणि तामिळनाडूतून अशीच प्रकरणं वर गेली, तेव्हा 1995 साली सर्वोच्च न्यायालयाने व्हिडिओ गेम पार्लरवर परवान्याचं बंधन घालणं योग्य ठरवलं. आपल्याकडे पोलिसांचा परवाना, शिवाय 1923 च्या जुन्या मुंबई करमणूक शुल्क कायद्याच्या कक्षेतही व्हिडिओ गेम आले. आयांना एवढा तपशील लागत नव्हता. ‘त्या पडद्याआडच्या दुकानात दिसलास तर तंगडं मोडीन’ एवढ्यात सगळा कायदा बसायचा.

पार्लर संपली ती घरात गेम आले म्हणून, असं सर्रास म्हटलं जातं. कांदिवलीपुरतं तरी मला हे अर्धंच पटतं. घरात गेम फार आधी आले होते. काळी-पिवळी कॅसेट लावून चालणारे तैवानी-चिनी ‘टीव्ही गेम’ नव्वदच्या दशकात मध्यमवर्गात पोचले होते. कॅसेटवर 9999 गेमचा दावा आणि आत मारिओ, कॉन्ट्रा धरून पंधरा. पण घरात टीव्ही एक, त्यावर हक्क आजीच्या मालिकेचा, आणि ‘पिक्चर ट्यूब जाते’ ही वडिलांची ठाम समजूत. शिवाय मुस्तफा त्या कॅसेटींत नव्हताच. हा गेम कॅपकॉमने कुठल्याच घरगुती यंत्रासाठी काढला नाही. आणि ‘किंग ऑफ फायटर्स’ बनवणाऱ्या एसएनकेचं निओ जिओ घरासाठी मिळत असलं तरी 1991 साली अमेरिकेत त्याची किंमत सुमारे 650 डॉलर होती. चारकोपात तो आकडा ऐकून कुणी हसलंही नसतं.

घाव बसला तो आतून. 2000 नंतर कधीतरी आमच्या मालकाने दोन खोकी भंगारात काढली आणि त्या जागी दोन छोटे टीव्ही, दोन प्लॅस्टिकच्या खुर्च्या आणि दोन प्लेस्टेशन मांडले. चिप बसवलेले, म्हणजे स्टेशनबाहेरच्या फुटपाथवरच्या सीडी चालणारे. पाटीवर नवा दर आला, तासाला वीस रुपये. ‘टेकन 3’, मग कुस्तीचे गेम, मग फुटबॉल. आम्ही खूश झालो आणि नेमकं काय गेलं ते कुणाच्या लक्षात आलं नाही. आता कसलेल्याला आणि ढ माणसाला सारखाच तास. मेलात तरी चालेल, घड्याळ मालकाचं आहे. सेटिंग बदलायची गरज उरली नाही, मालक पेपर वाचू लागला. खुर्चीत बसलेल्याच्या मागे उभं राहायला जागा नव्हती, आणि ज्याने तासाचे पैसे मोजलेत त्याला बिनपैशाचा सल्लागार नको होता. ‘खेळायचं नसेल तर बाहेर थांब,’ हे वाक्य पार्लरमध्ये मी पहिल्यांदा त्या वर्षी ऐकलं.

एकदा भाडं तासाचं झालं की मग हिशेब सोपा. शंभर तासांचे दोन हजार. त्यापेक्षा सेकंडहँड यंत्र घरी आणलेलं काय वाईट? कॉइनच्या मशीनबद्दल असा विचार कुणाच्या मनात आला नव्हता. एव्हाना घरात दुसरा टीव्ही आला होता, मुलं एकुलती होती, आणि बाहेर उनाडण्यापेक्षा डोळ्यांसमोर खेळलेला बरा असं आयाच म्हणू लागल्या. लॅमिंग्टन रोडला किंवा इर्ल्याच्या ‘अल्फा’ दुकानात चक्कर मारली की काम व्हायचं. मुस्तफाचीही सोय झाली. निकोला साल्मोरिया या इटालियन प्रोग्रामरने 1997 साली सुरू केलेल्या ‘मेम’ या सॉफ्टवेअरमुळे जुने बोर्ड कॉम्प्युटरवर जिवंत झाले, आणि सायबर कॅफेत माउस-कीबोर्डच्या खडखडाटात मुस्तफा पुन्हा लाथा घालू लागला. ज्यांनी आमची गर्दी जमवली त्या एसएनकेचं 2001 सालीच दिवाळं वाजलं होतं. खुद्द जपानात सेगाने 2020 साली आपल्या गेम सेंटरांचा मोठा हिस्सा विकला आणि 2022 मध्ये त्या धंद्यातून अंग काढून घेतलं, तेव्हा तिकडच्या लोकांनी दारात उभं राहून निरोप दिला म्हणे. आमच्याकडे निरोप वगैरे काही झालं नाही. 26 जुलै 2005 च्या पावसाने पोईसर नदीच्या आसपासची तळमजल्यावरची दुकानं बुडवली, तेव्हा उरलेली खोकी काही दिवस फुटपाथवर उन्हाकडे पाठ करून उभी होती. प्लायवूड फुगलेलं. ती परत आत गेली नाहीत.

मॉलमध्ये गेम झोन आले, पण ती जात वेगळी. तिथे कार्ड रिचार्ज करतात, तिकिटं जिंकून पेन्सिल-खोडरबर घेतात, आणि मुलासोबत आईबाप असतात. पार्लरचा सगळा मुद्दाच मुळी आईबाप नसणं हा होता. आमच्या पार्लरच्या जागी आता मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. अधूनमधून मी तिथे स्क्रीनगार्ड बदलायला जातो.

गेल्या दिवाळीत भाच्याच्या मोबाइलवर मुस्तफा पाहिला. स्क्रीनवर दांडी, दोन बटणं, आणि कोपऱ्यात एक वेगळं बटण, कॉइनचं. ‘मामा, हे कशाला असतं?’ मी सांगायला तोंड उघडेपर्यंत त्याने ते दाबून पाहिलं. टुंग. क्रेडिट एक. पुन्हा दाबलं, पुन्हा टुंग. त्याला तो आवाजच आवडला. आकडा चढत गेला, खाली कसायाने मुस्तफाला आडवा केला, आणि मी त्याच्या खांद्यावरून वाकून ओरडलो, ‘अरे, डावीकडे मटण आहे!’ त्याने मोबाइल छातीशी धरला आणि सोफ्याच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसला.