विश्लेषण : वऱ्हाडी, कोरकू, निहाली... वेगळ्या कुळांच्या भाषा सारख्या का भासतात?

मेळघाटातून अकोट किंवा परतवाड्याच्या बाजाराला उतरलेली कोरकू माणसे दुकानदाराशी वऱ्हाडीत बोलतात, आपसांत कोरकूत. दोन्ही भाषांत क्रियापद वाक्याच्या शेवटी येते. पण वऱ्हाडी आर्यकुळातली आणि कोरकू ऑस्ट्रोआशियाई कुळाच्या मुंडा शाखेतली. म्हणजे तिचे दूरचे नाते खासी, ख्मेर आणि व्हिएतनामीशी. मग वाक्याची घडण सारखी कशी?

वारसा की शेजार?

ख्मेर, व्हिएतनामी आणि खासीत क्रियापद कर्माच्या आधी येते. कोरकूत, तिच्या संथाली-मुंडारी या बहिणींप्रमाणे, ते शेवटी जाते. भारतातल्या शेजाराचा हा परिणाम, असे बरेच अभ्यासक मानतात. मराठीनेही शेजाऱ्यांकडून घेतले आहेच. ‘आपण जाऊ’ म्हटले की ऐकणारा सोबत येतो. ‘आम्ही जाऊ’ म्हटले की तो मागे राहतो. संस्कृतात हा भेद नाही, हिंदीच्या ‘हम’मध्येही नाही. द्रविडी भाषांत आहे, मराठीत तो तिथून आला असावा. गंमत म्हणजे कोरकूतही तो आहे.

सगळेच मात्र शेजाराने पुसले जात नाही. ‘कोरो’ म्हणजे माणूस, ‘कू’ हा अनेकवचनाचा प्रत्यय. ‘कोरकू’ या नावातच व्याकरण आहे. दोघांसाठी वेगळा प्रत्यय लागतो. संस्कृतातले द्विवचन मराठीने केव्हाच सोडले, कोरकूत ते रोजच्या बोलण्यात आहे.

मग ‘वैश्विक व्याकरण’ कशाला म्हणायचे?

शब्दक्रमाला नव्हे. ‘बुढी म्हणे का, बाबू सांगे का, पोट्टं शाळेत गेलंच नाई’ या वाक्यात एकात दुसरे, दुसऱ्यात तिसरे वाक्य बसले आहे आणि ते आणखी लांबवता येते. ठरावीक शब्दांतून अमर्याद वाक्ये रचण्याची ही क्षमता मेंदूत जन्मजात असते, अशी नोम चॉम्स्की यांची मांडणी. ‘वाक्यात वाक्य’ हाच कदाचित मानवी भाषेचा खास गुण असावा, असे 2002 मध्ये मार्क हॉसर आणि टेकुमसे फिच यांच्यासह त्यांनी ‘सायन्स’मध्ये लिहिले. ॲमेझॉनच्या खोऱ्यातल्या पिराहा भाषेत तो गुणच नाही, असा दावा डॅनियल एव्हरेट यांनी 2005 मध्ये केला आणि वाद पेटला. तो अजून विझलेला नाही.

ही क्षमता आली कशी, यावरही एकमत नाही. मेंदूतल्या एका लहानशा बदलाने ती एकदम आली, असे चॉम्स्की म्हणतात. स्टीव्हन पिंकर आणि पॉल ब्लूम यांनी 1990 मध्ये नैसर्गिक निवडीने ती हळूहळू घडल्याची बाजू मांडली. उगमाच्या चर्चेत अंदाजच फार होते, म्हणून पॅरिसच्या भाषाशास्त्रीय संस्थेने 1866 मध्ये या विषयावरचे निबंधच बंद केले होते!

निहाली ‘आदिम’ आहे का?

वऱ्हाडातच, बुलढाणा जिल्ह्यातल्या जळगाव जामोद तालुक्यात, जेमतेम दोन-अडीच हजार लोक निहाली बोलतात. ती कोणत्याच ज्ञात कुळात बसत नाही. ग्रिअर्सन यांच्या भाषा-सर्वेक्षणात ती कोरकूच्या पंगतीत बसवली गेली. एफ. बी. जे. कायपर यांनी 1962 मध्ये शब्द तपासले, तेव्हा कोरकूतून आलेले पुष्कळ निघाले. पण सुमारे चौथ्या हिश्शाचे नाते कुठेच लागेना. दोन ते चार हे आकडे द्रविडी वळणाचे, पाचपासून पुढचे आर्य.

म्हणून ती माणसाची पहिली बोली ठरत नाही. जंगलातली भाषा म्हणजे भाषेचे बालपण, हा समज जुना आणि चुकीचा आहे. शब्दांच्या तुलनेने फार तर आठ-दहा हजार वर्षे मागे जाता येते, भाषेचा जन्म त्याच्या कितीतरी आधीचा. निहालीचे मोल वेगळ्या कारणाने आहे. कुळ, शेजार आणि मेंदू यांचे वाटे वेगळे करायचे, तर कुठल्याच कुळात न बसणारी भाषा हा दुर्मीळ पुरावा ठरतो. पुण्याच्या डेक्कन कॉलेजातून शैलेंद्र मोहन यांनी तिच्या दस्तावेजीकरणाचे काम केले आहे.

युनेस्कोच्या यादीत निहाली ‘अतिसंकटग्रस्त’ आहे. ती बोलणाऱ्यांना कोरकू आणि मराठी किंवा हिंदी येतेच. शाळा, बाजार, दवाखाना त्यांवरच चालतो. जनगणनेच्या तक्त्यांत दहा हजारांहून कमी भाषिकांची भाषा स्वतंत्र नावाने छापली जात नाही. ती ‘इतर’मध्ये जाते.